तृतीयेला सकाळी सव्वाआठ वाजता: समुद्रावरचा वर्ग म्हणजे नेमकं काय?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. २०२४ मध्ये एनसीईआरटीने त्याबद्दलच्या सूचनाही काढल्या. त्यामुळे किनाऱ्यालगतच्या शाळांमध्ये शिक्षक म्हणू लागले आहेत, की बँक, पोस्ट, ग्रामपंचायत दाखवून झाली, आता समुद्र का नको? आणि पालकसभेत लगेच हात वर होतात. समुद्रावर नेऊन शिकवणार म्हणजे काय करणार? पोहायला लावणार? होडीतून फिरवणार? काही झालं तर जबाबदारी कोणाची?

हे सगळे प्रश्न रास्त आहेत. गेली काही वर्षं मी शाळेतल्या मुलांबरोबर रत्नागिरीच्या आसपासच्या खडकांवर आणि जेटीवर जाते आहे. तेव्हा एकेक करून उत्तरं देण्याचा प्रयत्न करते.

सहल आणि तास

सहलीला मुलं समुद्र बघतात, वाळूत खेळतात, भेळ खाऊन परत येतात. त्यातही आनंद आहे. समुद्रावरच्या तासाला मात्र प्रत्येकाकडे काम असतं. एकाच्या हातात गाठी मारलेली दोरी, दुसरीकडे तापमापक, तिसऱ्याकडे वही. होडी असेल तर कोणाकडे सुकाणू, कोणाकडे शिडाचा दोर. घरी जाताना वहीत आकडे असतात आणि ते आकडे मुलांनी स्वतः काढलेले असतात.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतली हडसन नदी कारखान्यांच्या आणि गटारांच्या पाण्याने बरबटली होती, तेव्हा १९६६ मध्ये लोकगायक पीट सीगर आणि त्यांच्या मित्रांनी ठरवलं, की जुन्या धर्तीचं एक शिडाचं जहाज बांधायचं आणि लोकांना नदीवर आणायचं. १९६९ मध्ये १०६ फूट लांबीचं 'क्लिअरवॉटर' पाण्यात उतरलं. त्या जहाजावर शाळेची मुलं रांगेत उभी राहून दोर ओढतात आणि शीड चढवतात, मग जाळं टाकतात, आलेले मासे टाकीत ठेवून ओळखतात आणि पुन्हा नदीत सोडतात. शीड चढवण्यासाठी जी ताकद लागते ती एकट्यादुकट्याकडे नसते, म्हणून सगळा वर्ग लागतो. नदी स्वच्छ करण्याच्या चळवळीत पुढे या जहाजाचं नाव कायमचं जोडलं गेलं.

आपल्याकडे एवढं मोठं जहाज लागत नाही. आपल्याला आधी लागतं ते पंचांग.

पंचांग कशाला?

समुद्रावरच्या शाळेची घंटा भरती-ओहोटी वाजवते. भरतीच्या वेळी खडक पाण्याखाली असतात, तिथे तास होऊच शकत नाही. म्हणून पाणी कधी उतरणार हे पहिलं गणित.

कोकणात ते पिढ्यान्‌पिढ्या बोटांवर होत आलं आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. त्यात सहा तास मिळवले किंवा वजा केले, की ओहोटी. अनंत चतुर्दशीला चौदाची पाऊणपट साडेदहा. विसर्जनाच्या दिवशी सकाळी चौपाटीवर पाणी का चढलेलं असतं ते इथे कळतं. वेळ गावागणिक अर्धा-पाऊण तास पुढेमागे होते. नेमकी वेळ हवी असेल तर सर्व्हे ऑफ इंडिया भरती-ओहोटीची कोष्टकं प्रसिद्ध करते, ती बघावी आणि मुलांना दोन्ही आकडे शेजारी लिहायला लावावेत.

पण पाऊणपटच का? घड्याळातला मिनिटकाटा बारावर तासकाट्याला भेटला, की पुन्हा भेटण्यासाठी त्याला एका फेरीपेक्षा थोडं जास्त फिरावं लागतं, कारण तोवर तासकाटा पुढे सरकलेला असतो. पृथ्वीचं आणि चंद्राचं तसंच आहे. पृथ्वी एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्र पुढे गेलेला असतो आणि त्याला गाठायला तिला सुमारे ५० मिनिटं जास्त लागतात. तेवढीच भरती रोज उशिरा येते. आपल्या आज्या-पणज्यांनी या ५० मिनिटांना पाऊण तास धरलं आणि तिथीने गुणलं.

दुसरी गोष्ट, उधाण आणि भांग. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि पाणी खूप चढतं, खूप उतरतं. हे उधाण. अष्टमीच्या आसपास दोघं काटकोनात असतात, एकमेकांची ओढ कमी करतात, तेव्हा पाणी ना धड चढत ना धड उतरत. ही भांगाची भरती.

आता शाळेचं वेळापत्रक लावून बघा. खडक उघडे पडायला उधाणाची ओहोटी हवी आणि ती शाळेच्या वेळेत हवी. पौर्णिमेला ओहोटी सव्वापाचच्या सुमारास, म्हणजे अंधुक उजेडात. अष्टमीला ती दुपारी बाराला, पण पाणी फारसं उतरतच नाही. तृतीयेला तिनाची पाऊणपट सव्वादोन, त्यातून सहा तास वजा केले की सकाळी सव्वाआठ. उधाणाचा जोरही अजून टिकलेला असतो. महिन्यातून दोनदा येणारा हा दिवस वर्गाने स्वतः हुडकून काढावा.

खडकावरची चाळ

पाणी उतरल्यावर जो पट्टा उघडा पडतो त्याला भरती-ओहोटीचा पट्टा म्हणतात. तो समजून घ्यायला चाळ डोळ्यांपुढे आणा. वरच्या मजल्यावर पाणी थोडाच वेळ येतं, तळमजल्यावर जवळजवळ दिवसभर. त्या पाण्याप्रमाणे भाडेकरू ठरतात. सगळ्यात वर छोट्या पांढऱ्या शंकूंसारखे बार्नेकल असतात. ऊन लागलं की झाकण घट्ट लावून पाण्याची वाट बघत बसतात. त्याखाली कालवं खडकाला चिकटलेली. आणखी खाली शेवाळ, पाणी भरलेल्या खळग्यांत समुद्रफुलं (फुलांसारखे दिसणारे प्राणी), रिकाम्या शंखात बिऱ्हाड केलेले खेकडे.

मुलांना इथे एक चौकट देतात, अर्धा मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद. चार पीव्हीसी नळ्या जोडून ती शाळेतच बनते. चौकट खडकावर ठेवायची आणि आत जे आहे ते मोजायचं. मग दहा पावलं खाली जाऊन पुन्हा. मागच्या खेपेला सातवीतल्या एका मुलाने पहिल्या चौकटीत बार्नेकल मोजायला घेतले, शंभराच्या पुढे गेल्यावर थांबला आणि म्हणाला, "बाई, कोपऱ्यातला एक चौथाई भाग मोजून चारने गुणू का?" नमुना घेऊन अंदाज बांधणं हे संख्याशास्त्र त्याला कोणी शिकवलं नव्हतं. गुडघे दुखले म्हणून सुचलं.

मुंबईच्या घाण पाण्यात काय दिसणार, असं तिथले पालक हमखास विचारतात. मरीन लाइफ ऑफ मुंबई हा नागरिकांचा उपक्रम २०१७ पासून हाजी अली, जुहू, गिरगाव अशा ठिकाणी ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावर फिरवतो. तिथे समुद्री गोगलगायी, ऑक्टोपस, प्रवाळं दिसली आहेत. सागरी किनारा मार्गाचं काम चालू असताना २०२० मध्ये हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरची प्रवाळं हलवावी लागली, तेव्हा आपल्या शहरात प्रवाळ आहे हे अनेक मुंबईकरांना पहिल्यांदा कळलं. मला याचं फार वाईट वाटतं. हलवायची वेळ आल्यावर ओळख झाली.

थाळी, परात आणि एक थेंब

किनाऱ्यावर चालणारं विज्ञान महाग यंत्रांवाचून होत नाही, ही समजूत तीन प्रयोगांत जाते.

पहिला थाळीचा. १८६५ मध्ये अँजेलो सेकी नावाच्या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रात एक पांढरी चकती दोरीने खाली सोडली आणि ती दिसेनाशी कधी होते ते मोजलं. आजही समुद्रशास्त्रज्ञ ही चकती वापरतात. आम्ही ३० सेंटिमीटरची स्टीलची थाळी पांढरी रंगवतो, खाली वजन बांधतो, दोरीला दर दहा सेंटिमीटरवर गाठ. जेटीच्या सावलीच्या बाजूने थाळी सोडायची. दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या, वर ओढताना पुन्हा दिसली की पुन्हा मोजायच्या आणि दोन्हींची सरासरी घ्यायची. प्रकाश साधारण या खोलीच्या अडीच ते तीनपट खाली पोचतो, असा ढोबळ ठोकताळा आहे. पावसाळ्यानंतर खाडीत गाळ असतो तेव्हा थाळी हातभरावरच गायब होते. डिसेंबरात तीच थाळी आणखी खाली जाते. वर्षभराचा आलेख काढला, की पाऊस, गाळ आणि प्रकाश यांचं नातं मुलांना दिसतं.

दुसरा परातीचा. एक लिटर समुद्राचं पाणी गाळून परातीत उन्हात ठेवायचं. तीन-चार दिवसांनी तळाशी मीठ उरतं. ते खरवडून किराणा दुकानातल्या काट्यावर तोलायचं. भर समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. खाडीच्या आत, नदीचं गोडं पाणी मिसळतं तिथलं पाणी घेतलं तर वजन कमी भरतं. एकच खाडी, तीन ठिकाणचं पाणी, तीन पराती. कोणता मासा खाडीत कुठपर्यंत चढतो हा प्रश्न मुलं मग आपणहून विचारतात.

तिसरा प्लवकांचा. प्लवक म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणारे, बहुतेक डोळ्यांना न दिसणारे जीव. नायलॉनचा जुना पायमोजा, तारेचं कडं आणि टोकाला छोटी बाटली एवढ्यात त्यांचं जाळं होतं. बाटलीतला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. सूक्ष्मदर्शक नसेल तर मनू प्रकाश यांनी स्टॅनफर्डमध्ये तयार केलेला कागदी फोल्डस्कोप चालतो, तो सुमारे १४० पट मोठं दाखवतो. थेंबात काचेच्या डबीसारखे चौकोनी, गोल, होडीच्या आकाराचे डायटम दिसतात. वनस्पतींसारखेच तेही उन्हावर अन्न बनवतात आणि प्राणवायू सोडतात. पृथ्वीवर जेवढं प्रकाशसंश्लेषण होतं त्यातलं जवळजवळ निम्मं समुद्रात होतं, हे वाक्य पाठ्यपुस्तकात वाचणं वेगळं आणि ती डबी स्वतः बघून मग वाचणं वेगळं.

शीड कशासाठी?

इथवर सगळं किनाऱ्यावरून जमलं. मग होडी कशाला?

२ ऑक्टोबर २०२४ ला नौदलाच्या दोन अधिकारी, दिलना के. आणि रूपा ए., गोव्याहून 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून निघाल्या आणि वाऱ्याच्या जोरावर पृथ्वीप्रदक्षिणा करून २९ मे २०२५ ला गोव्यात परतल्या. 'तारिणी' गोव्यातच बांधलेली आहे. त्या बातम्या वाचून मुलांनी विचारलं, की वारा समोरून आला तर होडी पुढे कशी जाते? या प्रश्नाचं उत्तर फळ्यावर देता येतं, पण पटत नाही.

कलिंगडाची ओली बी दोन बोटांत दाबून बघा. बोटं दोन्ही बाजूंनी दाबतात, बी मात्र पुढे सटकते. शिडाच्या होडीत एक बोट म्हणजे शिडावरचा वारा आणि दुसरं बोट म्हणजे होडीखाली पाण्यात उभी सोडलेली फळी. वारा होडीला बाजूला ढकलतो, फळी बाजूला जाऊ देत नाही, होडी पुढे सटकते. अगदी वाऱ्याच्या तोंडात ती जाऊ शकत नाही. साधारण ४५ अंश बाजूने जाते, मग वळून दुसऱ्या बाजूने. घाटाचा रस्ता डोंगर सरळ चढत नाही, वळणं घेत चढतो, तसंच.

मुलांसाठी जगभर वापरली जाणारी होडी म्हणजे ऑप्टिमिस्ट. १९४७ मध्ये क्लार्क मिल्स यांनी फ्लोरिडात तिचा आराखडा केला. लांबी जेमतेम २.३ मीटर, नुसत्या होडीचं वजन ३५ किलो, एकच शीड. पंधरा वर्षांपर्यंतचं मूल ती एकट्याने चालवतं. एका हातात सुकाणूचा दांडा, दुसऱ्यात शिडाचा दोर. पाण्यावर काळपट सुरकुती सरकत आली, की वाऱ्याचा झोत येतोय हे दोन-तीन दिवसांत कळू लागतं.

मतलई वारे आणि खारे वारे आपण भूगोलात पाठ करतो. तवा लवकर तापतो आणि लवकर निवतो, पातेल्यातलं पाणी हळू तापतं आणि हळू निवतं. जमीन तव्यासारखी आणि समुद्र पातेल्यासारखा. म्हणून रात्री-पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. दुपारी समुद्राकडून येतो, तो खारा. शिडाच्या होड्या पहाटे मतलईवर बाहेर पडायच्या आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी यायच्या ते यामुळेच. सकाळी नऊच्या सुमारास मतलई पडतो आणि खारा अजून सुटलेला नसतो, त्या मधल्या वेळात मुलीच्या हातातला दोर सैल पडतो, शीड लुळं होतं आणि होडी जागच्या जागी डुलत राहते. परीक्षेत दोन गुणांना येणारा प्रश्न तिला तळहातावर कळलेला असतो.

"समुद्र जीव घेतो. मुलांना कशाला न्यायचं?"

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ती बातमी कोणी विसरलेलं नाही आणि विसरूही नये. या भीतीला मी खोटं म्हणणार नाही.

म्हणून नियम कडक हवेत. खडकांवर ओहोटीच्या दीड तास आधी पोचायचं आणि ओहोटीची वेळ झाली की निघायचं, कारण त्यानंतर पाणी पाठीमागून भरतं. पायात बंद बूट. शंकूच्या आकाराचे नक्षीदार शंख हातात घ्यायचे नाहीत, त्यातल्या काहींचा डंख विषारी असतो. होडीत बसणाऱ्याला तरंगजाकीट सक्तीचं, जाकीट न घालणारा जेटीवरच थांबेल, मग तो मुख्याध्यापक का असेना. जवळ इंजिनची बचाव होडी. जून ते सप्टेंबर उघड्या समुद्रात शीड नाही. जून-जुलैत तर यांत्रिक होड्यांची मासेमारीही बंद असते.

आणि पहिल्या दिवशीचा धडा होडी उलटण्याचा. उथळ पाण्यात ऑप्टिमिस्ट मुद्दाम उलटी करतात. तिच्यात हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे ती भरली तरी तरंगते. मुलांनी होडी सोडायची नाही, तिला धरून राहायचं, फळीवर वजन टाकून ती सरळ करायची, पाणी उपसायचं. हे चार-पाच वेळा झालं की मुलांच्या चेहऱ्यावरची घाबरगुंडी जाते आणि तिच्या जागी एक सावधपणा येतो. त्याच दिवशी ओढीबद्दलही सांगतात. पाणी आत खेचू लागलं तर सरळ किनाऱ्याकडे झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर बाजूला पोहत जायचं आणि ओढ सुटली की वळायचं. किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येक मुलाला हे वाक्य पाठ हवं, शाळा होडी घेवो न घेवो.

"हे श्रीमंतांचे छंद"

खर्चाचं म्हणाल तर चौकट, थाळी, परात, पायमोजा यांना काही शे रुपये लागतात. होडी महाग आहे, हे खरं. ती प्रत्येक शाळेने घ्यावी असं मी म्हणत नाही. तालुक्यातल्या शाळांनी मिळून वापरावी. एनसीसीच्या नौदल शाखेत मुलांना वल्ही मारणं आणि शीड हाताळणं शिकवतात, ती वाट अनेक पालकांना माहीतच नसते.

नेहा ठाकूरने हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सप्टेंबर २०२३ मध्ये शीडनौकेत रौप्यपदक मिळवलं. ती मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, शिकली भोपाळच्या तलावात. त्या राज्याला समुद्रकिनारा नाही. सोलापूरच्या किंवा गोंदियाच्या शिक्षकांनी तलावावर थाळी सोडून बघावी, गाठी तिथेही मोजता येतात.

"कोळ्यांच्या पोरांना हे काय शिकवणार?"

हा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कोळी, गाबीत, खारवी, दालदी घरांतली मुलं समुद्र आमच्यापेक्षा जास्त जाणतात. अडचण अशी, की शाळा त्यांना ते कधी विचारत नाही.

एकदा जेटीवर मी वर्गाला विचारलं, पाणी कधी उतरेल? मुलं एकमेकांकडे बघू लागली. मागच्या रांगेतली एक मुलगी, वर्गात सहसा गप्प असणारी, म्हणाली, "आज तिथी कोणती?" षष्ठी होती. तिने बोटं मोडली आणि सांगितलं, "साडेचारला भरती. म्हणजे साडेदहाला सुकती." आजोबांनी शिकवलं होतं. तेव्हा मलाही पाऊणपटीचं गणित येत नव्हतं. त्या दिवशी मी तिच्याकडून शिकले आणि पुढच्या तासाला तिच्या आजोबांना बोलावलं. ते तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख होते. त्यांनी रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या गाठी दाखवल्या आणि कोणत्या वाऱ्यात जाळं टाकायचं नाही ते सांगितलं. मुलांनी वहीत लिहून घेतलं.

गावाची माहिती आणि विज्ञान एकत्र आलं तर काय होतं ते वेळासमध्ये दिसलं. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी तिथे राखली जाऊ लागली ती २००२ पासून, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेतल्यावर. जानेवारी २०२२ मध्ये त्याच किनाऱ्यावर 'प्रथमा' नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचं असं ते पहिलं कासव.

दुसरं असं, की समुद्र बदलतो आहे आणि आजोबांचे काही ठोकताळे आता चुकू लागलेत, हे आजोबाच सांगतात. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' किनाऱ्याला घासून गेलं. चक्रीवादळाला साधारण २६.५ अंशांपेक्षा गरम पाणी लागतं. एखाद्या शाळेने एकाच जेटीवर, ठरलेल्या वेळी, दर पंधरवड्याला पाण्याचं तापमान दहा वर्षं लिहून ठेवलं, तर ती वही त्या गावाकडे असलेली मोलाची नोंद होईल. आज बहुतेक गावांकडे अशी वही नाही.

"मार्क किती मिळणार?"

वेगळे मिळणार नाहीत. पण चौकटीत सरासरी आणि क्षेत्रफळ आहे, थाळीत प्रकाश, परातीत द्रावणं, शिडात बल आणि कोन, पंचांगात पृथ्वी-चंद्राची गती. सातवी-आठवीच्या पुस्तकातलं बरंच काही इथे येऊन जातं.

सुरुवात कशी करायची?

पुढची तृतीया बघा. कोष्टकावरून ओहोटीची वेळ पक्की करा. गावातल्या एखाद्या तांडेलाला बोलवा आणि त्यांना मानधन द्या, पाहुणे शिक्षक म्हणून. दहा मुलांमागे एक मोठं माणूस, प्रत्येक गटाला एक चौकट आणि एक वही. वहीच्या पहिल्या पानावर तारीख, तिथी, वेळ, वाऱ्याची दिशा आणि पाण्याचं तापमान.

पिशव्या घरी ठेवायला सांगा, म्हणजे शंख-शिंपले गोळा होणार नाहीत. रिकामा शंखही कोणा खेकड्याचं उद्याचं घर असतो. दगड उचलून खाली बघायला हरकत नाही. पण बघून झालं की तो होता तसाच, ओली बाजू खाली करून, परत ठेवायचा. त्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात मरतात.